बायजाआत्याची माळ

बायजाआत्याला फसवील असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं ती स्वतः म्हणायची. मासळीबाजारात तिची जागा नळाजवळच्या कोपऱ्यात. शिळ्या बांगड्यावर पाणी मारून मारून त्याला चकचकीत ठेवायचं, ताज्या माशाचं रक्त शिळ्याच्या कल्ल्यांना चोळायचं, विकायला मांडलेल्या ढिगात, म्हणजे वाट्यात, वरती दोन टपोरे मासे आणि खाली सगळा पिचका माल लावायचा, ही सगळी विद्या मी तिच्या पाटीशेजारी बसून बघितली. अलिबागहून येणारी एखादी शहाणी बाई कल्ले उचकटून बघायला लागली की आत्या ओरडायची, "काय गो बाय, लगीन करताना नवऱ्याचे कल्ले उचकटून बघितलेलेस काय? न्हाय ना? मग माझ्या माशावरच का डोला?" आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसायच्या, ती बाई लाल व्हायची आणि मुकाट्यानं तोच मासा घेऊन जायची. मलाही हसू यायचं. खरं सांगते, दुसऱ्याची फजिती बघण्यात आमच्या घरी जेवढी मजा घेतली जायची तेवढी मी नंतर कुठल्याच घरात बघितली नाही.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तेव्हा ही अंगावरच्या सगळ्या सोन्यासकट माहेरी निघून आली होती. पाटल्या, बोरमाळ, मोहनमाळ, कानातले वेल, सगळं. घराच्या मागच्या खोलीत तिची पत्र्याची पेटी होती आणि पेटीत ते सोनं. आमच्या शेजारी यमीमावशी राहायची. तीही अशीच परत आलेली, पण मोकळ्या हातानं. ती भावाच्या ओटीवर जाळ्यांच्या ढिगाशेजारी झोपायची, सगळ्यांची जेवणं झाली की कालवणाच्या टोपात भात कालवून खायची, आणि भावजय तिला पोरांच्या देखत "ए" म्हणून हाक मारायची. आमच्या घरी मात्र माझी आई ताट वाढून मागच्या खोलीत नेऊन द्यायची. तांदळाची गरम भाकरी, जिताड्याची मधली तुकडी, वर "वन्सं, आणखी एक घ्या ना." चुलीपाशी परत आली की तीच आई दातओठ खाऊन म्हणायची, "गिळतेय बघ कशी म्हस." आत्याला हे ऐकू जात असणारच, आमचं घर काही एवढं मोठं नव्हतं. एकदा भाकरी मोडता मोडता ती मला म्हणाली, "कुंदे, तुझी आय मला न्हाय वाढत. माझ्या पेटीला वाढते. पेटी रिकामी झाली ना, तर मी पन यमीच्या शेजारी जाऊन बसेन." हे तिनं हसत हसत सांगितलं, पण यमीमावशीच्या ओटीकडे ती सहसा बघत नसे.

तर अशा या बाईकडे एक गिऱ्हाईक यायला लागलं. त्या वर्षी आमच्याकडे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, बाहेरची मजूर माणसं खाडीकडेला झोपड्या टाकून राहिली होती. त्यांच्यासाठी मासळी न्यायला हा यायचा. नाव सांगायचा मंगल. पाप्याचं पितर, अंगात मळका शर्ट, डोळे कायम जमिनीकडे. बाजार उघडला की सगळ्यांत आधी आत्याच्या पुढ्यात उभा राहायचा आणि ती मागेल ते देऊन जायचा. घासाघीस नाही, कल्ले बघणं नाही, काही नाही. आता आमच्यात सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानी करणारा माणूस परत पाठवत नाहीत, आणि ज्याच्या हातानं भवानी झाल्यावर दिवसभर माल उठतो त्याचा हात चांगला म्हणतात. मंगलच्या हातानं भवानी झाली की आत्याची पाटी दुपारच्या आत रिकामी व्हायची. निदान तिला तरी तसं वाटायचं. बाजारातल्या बाकीच्या बायका त्याला आपल्याकडे ओढायला बघायच्या, "ए भैया, इकडे ये, इकडे ताजा हाय." तो मान हलवून आत्यापाशीच उभा. "मौसी का हाथ अच्छा है," म्हणायचा. मौसी त्याला वास येणारी मांदेली बांधून द्यायची.

मंगल ही आमच्या घरची करमणूक झाली. संध्याकाळी जेवताना आत्या त्याची नक्कल करायची. खांदे पाडून, बोटं एकमेकांत गुंतवून, "मौसी, ये मछली का नाम क्या है?" बाबा ठसका लागेपर्यंत हसायचे. एकदा तिनं त्याला नुसती डोकी विकली आणि सांगितलं की डोकी खाल्ली की अक्कल वाढते. दुसऱ्या दिवशी तो येऊन म्हणाला, "मौसी, सबने खाया, बहुत अच्छा लगा." आम्ही पोटं धरून हसलो. माझा धाकटा भाऊ दीपक तर त्याला बघितला की मागून माशाचे खवले फेकायचा. मंगल वळून बघायचा आणि लाजल्यासारखा हसायचा. मला त्याची थोडी दया यायची, पण दया आली म्हणून मी हसायची थांबले असं काही झालं नाही.

परवा आमच्या सोसायटीत पोलिसांचा कार्यक्रम झाला. आता मी अलिबागला असते, पन्नाशीला टेकले. एका तरुण अधिकाऱ्यानं आम्हा बायकांना समजावून सांगितलं, की वीज तोडणार म्हणून फोन येतो, पार्सलात काहीतरी सापडलं म्हणून फोन येतो, कुणाला नंबर सांगू नका, कुठली लिंक दाबू नका, लोभ धरू नका. चांगलं बोलला बिचारा. पण फसवणारा नेहमी रुबाबात येतो, धमकावतो किंवा गोड बोलून लाखांची स्वप्नं दाखवतो, असा काहीतरी त्याचा समज होता. मी मनात म्हटलं, पोरा, ते किरकोळ चोर. खरा कसबी माणूस तुमच्यासमोर वेंधळा होऊन येतो. तुम्ही त्याला हसायला लागलात, घरी जाऊन त्याच्या नकला करायला लागलात, की समजा पाटी उचलली गेली. हे मी त्या कार्यक्रमात उठून सांगणार होते, पण तेवढ्यात चहा आला.

मंगलनं घाई केली नाही. पावसाळा गेला, वलांडीच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळायला लागले, तोवर तो नुसती शिळी मासळी विकत घेत राहिला. मग एके दिवशी बाजार उठता उठता परत आला, इकडेतिकडे बघितलं, आणि आत्याच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत एक पिवळा मणी होता, मातीनं भरलेला, जुन्या घडणीचा. म्हणाला, किल्ल्याच्या बाजूला खणताना मडकं लागलं. मुकादमाला सांगितलं नाही. ये पीतल है क्या, मौसी? मला काय समजतं? तुम्ही बघा. आता रेवदंड्याच्या माणसाला किल्ल्याजवळ मडकं लागलं म्हणून सांगणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तटबंदीखाली फिरंग्यांनी सोनं पुरून ठेवलंय, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला दुधाबरोबर पाजतात. माझ्या चुलत आजोबांनी आपली नारळाची अर्धी बाग त्यापायी खणून काढली होती. झाडं मेली, सोनं मिळालं नाही, तरी गोष्ट काही मेली नाही.

आत्या मला घेऊन अलिबागला सोनाराकडे गेली. त्यानं मणी घासला, तापवला, आणि म्हणाला, "चोख आहे बाई. हल्ली असं मिळत नाही." आत्यानं मणी कनवटीला लावला आणि दुकानाच्या पायरीवर माझा दंड इतका दाबला की मी ओरडले. रिक्षात बसल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "मेल्याला पितल वाटतंय गो! पितल!" आणि अशी हसली की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मी तिला तेव्हा विचारलं होतं, हा मणी त्यानं काढून दिला की तू निवडून घेतलास? माझ्या मनात काही शंका होती असं नाही, सहज विचारलं. ती म्हणाली, "त्यानं दिला. तुला काय करायचंय?" आयुष्यभर वाट्याच्या वरती ताजा मासा लावणारी बाई, आणि वरचा मणी कुणी ठेवलाय हे तिला दिसलं नाही. मला याचा आजही संताप येतो. तिच्यावरही आणि त्याच्यावरही, पण तिच्यावर जास्त.

सौदा नारळाच्या वाडीत झाला, भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना. मी टेहळणीला बांधावर बसले होते, सगळं ऐकू येत होतं. त्यानं फडक्यातून मोठ्ठी माळ काढली, टपोऱ्या मण्यांची, आणि तो रडायला लागला. म्हणाला, मुकादमाला वास लागलाय, दोन दिवसांत गावाला पळायला हवं, हे जुनं सोनं घेऊन कुठल्या दुकानात गेलो तर पोलीस धरतील, मला साधं, रोजच्या वापरातलं सोनं दिलंत तर ते कुठेही खपेल. माझी मुलगी लग्नाची आहे, मौसी. तुमच्या हाताला बरकत आहे. आत्यानं पदराखालून आपली पुरचुंडी काढली. तेवढ्यावर थांबावं ना? छे! तिनं घासाघीस केली. मोहनमाळ बाजूला काढून म्हणाली, "ही न्हाय भेटनार. तुझ्या मातीच्या मन्यांना एवढं कोन देतंय?" तो पाया पडला. तिनं पाय मागं घेतला. "चल, ऊठ, नाटकं नको करू." तो गयावया करत राहिला आणि ती त्याला झिडकारत राहिली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी बघत राहिले. शेवटी उपकार केल्यासारखी तिनं मोहनमाळही त्याच्या पुढ्यात फेकली. त्यानं सगळं गोळा केलं, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी भवानीला दुसराच कुणीतरी माणूस होता.

पुढच्या बाजाराच्या सुट्टीला आम्ही परत अलिबागला, त्याच सोनाराकडे. त्यानं माळ हातात घेतली आणि घासायच्या आधीच आत्याकडे बघितलं. मला त्या नजरेतच समजलं. तरी त्यानं बिचाऱ्यानं एक मणी घासला, दुसरा घासला, मधला घासला. "पितळ आहे, बाई. वर पाणी चढवलंय." दुकानात एक नवरा-बायको मंगळसूत्र बघत होते, त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं. आत्यानं माळ उचलली, पदराखाली घेतली आणि बाहेर आली. मला वाटलं आता ही रस्त्यात बसकण मारणार, छाती पिटणार. बाजारात कुणी तिचा एक बोंबील उचलला तर ती गाव गोळा करायची. पण ती चालत राहिली, समुद्रापर्यंत गेली, तिथल्या कठड्यावर टेकली. मग म्हणाली, "डोकी खाऊन अक्कल वाढते म्हनून मी त्याला सांगितलं व्हतं गो." आणि तिला रडू फुटलं. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. भयंकर होतं ते. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न काढता.

रडून झाल्यावर तिनं समुद्राच्या पाण्यानं तोंड धुतलं. मी म्हटलं, पोलिसात जाऊया. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी कल्ले उचकटणाऱ्या बाईकडे बघायची. "पोलिसात गेले की ते रेवदंड्याला येतील. मग तुझ्या आयला समजेल. मग मी कुठं जाऊ? यमीच्या ओटीवर?" आईनं तिला त्याच दिवशी मागच्या खोलीतून बाहेर काढलं असतं, आणि बाबा जाळं विणत गप्प बसले असते. आत्या परत सोनाराकडे गेली. त्याला म्हणाली, या माळेवर आणखी पाणी चढवा, चांगलं जाड, कितीही दिवस लागू देत. आणि मला म्हणाली, "तू तोंड उघडलंस तर जीभ कापून वाट्यावर ठेवीन." ती हे करू शकली असती याबद्दल मला शंका नव्हती, पण मी गप्प राहिले ते भीतीनं नाही. मला यमीमावशीचा तो कालवणाचा टोप रोज दिसत होता.

घरी तिनं जाहीर केलं की जुने दागिने मोडून एकच मोठी माळ घडवली. नारळी पुनवेला तिनं ती हिरव्या लुगड्यावर घातली आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचली. बायकांचे डोळे विस्फारले. आईच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हापासून आत्याचं घरातलं वागणंच बदललं. पूर्वी ती आईशी वचावचा भांडायची, आता अगदी साधीभोळी झाली. "मला काय समजतं गो वहिनी? माझं कोन हाय? हे सगळं तुमचंच." आई हे बोलणं ऐकून हुरळून जायची आणि चुलीपाशी येऊन तिची नक्कल करायची. खांदे पाडून, "माझं कोन हाय गो वहिनी!" मी ते बघायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. आई तिचे पाय चेपायची, डोक्याला खोबरेल चोळायची, आजारपणात तिची घाण काढायची, आणि दर वेळी मनातल्या मनात माळ तोलायची. आणि आत्या डोळे मिटून पडायची. एकदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मंगल लई हुशार व्हता. बोलायचं न्हाय. समोरच्याला बोलू द्यायचं, हसू द्यायचं." तिनं त्याचं नाव आदरानं घेतलं होतं.

दोघींतली कोण वाईट, असं मला माझ्या मुलीनं एकदा विचारलं. मी तिला म्हटलं, ताट कुणाच्या हातात होतं ते आधी बघ. आईनं कधी एकदा तरी विनालोभ तिला वाढलं असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. पण माझी आई तशी नव्हती आणि अजून नाही.

आत्या गेली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. मरायच्या आधी तिनं आळीतल्या बायकांना बोलावून सगळ्यांच्या देखत माळ आईच्या हातात दिली. मुद्दाम देखत. आईनं मोठ्यानं गळा काढला. दिवस झाल्यावर आई माझ्याकडे अलिबागला आली आणि एकटीच सोनाराकडे जाऊन आली. माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाणीही न घेता म्हणाली, "तुला ठाव व्हतं." मी म्हटलं, हो. तिनं माझ्या थोबाडीत मारली, मग माझ्याच पलंगावर बसून त्या मेलेल्या बाईला अशा शिव्या दिल्या की शेजारीण बघायला आली. मला वाटलं आता ती ते पितळ खाडीत फेकेल. पण दीपकचं लग्न ठरलेलं होतं, मुलीकडच्यांना माळेचं सांगून झालं होतं, त्यांनी त्या भरवशावर नव्या होडीच्या इंजिनाला हातभार लावायचं कबूल केलं होतं. आई उठली, तोंड पुसलं आणि मला विचारलं, "पाणी चढवून देतो तो सोनार, कुठला गो?" मी म्हटलं, आई, हे करू नकोस, त्या पोरीचा काय दोष? ती म्हणाली, "माझा काय दोष व्हता? मी एवढी वर्षं हागमूत काढलं."

रेश्मा, माझी भावजय, नागावकडची. अबोल, कामाला वाघ. लग्नात आईनं तिच्या गळ्यात माळ घातली तेव्हा तिनं हात लावून बघितली आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या माहेरी एवढं सोनं कुणी बघितलेलं नव्हतं. मग तिचे दिवस सुरू झाले. इंजिन आलं, दीपकची दारू आली. लहानपणी माशाचे खवले फेकणारा माझा भाऊ आता बायकोवर हात उचलायला लागला. कालवण पाणचट झालं म्हणून, बाजारातून यायला उशीर झाला म्हणून. आई शेजारच्या खोलीत बसून ऐकायची. मी मध्ये पडले की म्हणायची, "तुझं घर तू बघ." मी दर महिन्याला जायची, त्याच्याशी भांडायची, परत यायची. पुढच्या महिन्याला रेश्माच्या गालावर नवा डाग असायचा.

ज्या दिवसाचं सांगायचंय त्या दिवशी मी तिथंच होते, सुकट न्यायला गेले होते. होडीचं इंजिन बिघडलं होतं. दीपकनं रेश्माला माळ देऊन अलिबागला सोनंतारण कर्ज देणाऱ्या दुकानात पाठवलं होतं. त्यानं आईला विचारलं नव्हतं, नाहीतर आईनं काहीतरी थाप मारून अडवलं असतं. दुपारी रेश्मा परत आली ती धुळीनं माखलेली, केस सुटलेले. दुकानातल्या लोकांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माळ तिच्या अंगावर फेकली होती. खोटं सोनं ठेवून कर्ज काढायला आलीस म्हणून पोलिसांना बोलवायला निघाले होते. ती हातापाया पडून सुटली होती. रस्त्यात तिला कुठे धूळ झटकायलाही सुचलं नसावं. तिनं माळ ओटीवर ठेवली आणि म्हणाली, "हे पितल हाय."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी. आई उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बदललंस! माझ्या नणंदेचं चोख सोनं तू बदललंस! बापाच्या घरी भरलंस!" दीपक रेश्माच्या अंगावर धावला, त्यानं तिची वेणी धरली. मी मध्ये घुसले, त्याला ढकललं आणि ओरडले. सगळं ओरडून सांगितलं. मंगल, मणी, वाडी, सोनार, आत्यानं काय केलं आणि आईनं काय केलं, सगळं. आळीतल्या बायका कुंपणापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. सांगून संपलं तेव्हा मला धाप लागली होती. दीपकनं आईकडे बघितलं. आईला मागे फिरायची वाट होती, एकदाच. ती म्हणाली, "कुंदी खोटं बोलते. आधीपासून तिला माझं बरं बघवत न्हाय. आत्या मेल्यावर मी स्वतः सोनाराकडे जाऊन आले. चोख व्हतं. सोनारानं तोंडानं सांगितलं, चोख हाय म्हनून. वाटलं तर देवाची शपथ घेते." आणि तिनं देव्हाऱ्याकडे हात करून शपथ घेतली.

रेश्मा खाली बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, मग आईकडे बघायला लागली. काहीतरी तिच्या डोक्यात चाललेलं मला दिसत होतं, पण काय ते मला कळलं नाही. मग ती उठली. केस मागे घेतले, गाठ मारली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज असा ऐकला नव्हता. म्हणाली, "सासूबाई खरं बोलतात. सोनं चोख व्हतं. मीच बदललं." आईचं तोंड उघडंच राहिलं. "जिथं ठेवलंय तिथं मला एकटीलाच ठाव. बापाकडं न्हाय, बापाच्या घरी जाऊन खणलंत तरी भेटनार न्हाय. मला काय झालं, मला कुनी लाथ मारून मारलं, तर ते माझ्याबरोबर गेलं समजा. मनात आलं तर म्हातारपनी काढीन." एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं चहा टाकला. एकाच माणसाचा.

आईला ठाऊक आहे की सोनं नव्हतंच. तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. पण शपथ घेतलेली, तीही आळीच्या देखत, त्यामुळे तिला बोलता येत नाही. आणि सांगू का, आता तिला स्वतःलाही खात्री उरलेली नाही. मी जाते तेव्हा ती तांदळाचा डबा उपसत असते, सुकटीची पोती हलवून बघत असते, मला विचारते, "कुंदे, सोनार खोटं बोलला असंल काय गो तेव्हा?" मी म्हणते, असेल. मला तिची दया येत नाही. रेश्मा समोर बसून मासळी निवडत असते, बोलत काही नाही. त्या दुपारनंतर माझ्या भावानं तिच्यावर हात उगारलेला नाही.